ग्रामीण भागातलं आलिशान हॉटेल, टेस्टिंग मेनू आणि एका रात्रीचा मुक्काम : आखणी कशी करावी?

रानवाटा

शहरापासून लांब, शेतं-बागांच्या मधोमध असलेलं जुनं मोठं घर, त्याचं झालेलं आलिशान हॉटेल, त्यातच नावाजलेलं रेस्टॉरंट, आणि जेवून वर खोलीत जाऊन झोपायचं. असा बेत ठरतो आहे. मुक्काम एकच रात्र. जेवण टेस्टिंग मेनूचं, म्हणजे शेफनेच ठरवलेले छोटे छोटे पदार्थ एकामागून एक, आठ कोर्स.

मी शाकाहारी (दूध-अंडं चालतं). नवरा सगळं खातो, पण दारूला शिवत नाही. दुपारी पोचून तिथला चहा-नाश्ता, मग स्पा, मग जेवण, सकाळी भरपूर ब्रेकफास्ट, असं सगळं एका दिवसात बसवावं असा माझा कल आहे. एवढा खर्च करायचा तर काही सुटायला नको. हे जमतं का? बुकिंग करताना काय विचारावं, स्वयंपाकघराला काय कळवावं, पेयांचं काय करावं? जाणकारांनी सविस्तर लिहावं. कोणतं हॉटेल हे अजून ठरलेलं नाही, त्यामुळे सर्वसाधारण सल्लाच हवा आहे.

मुक्कामपोस्ट

पहिली गोष्ट क्रमाची. टेबल आधी, खोली नंतर. अशा ठिकाणी टेबलं थोडी असतात आणि खोल्या रिकाम्या असूनही टेबल नसणं ही नेहमीची गोष्ट आहे. शिवाय गावाकडची बरीच रेस्टॉरंट्स आठवड्यात दोन-तीन दिवस बंद ठेवतात, साधारण रविवार रात्र ते मंगळवार. हॉटेल मात्र चालूच असतं. सोमवारच्या खोलीचा दर कमी दिसला तर आधी हे तपासा.

दुसरं, एकाच हॉटेलात दोन रेस्टॉरंट्स असतात. एक नावाजलेलं, एक साधं. पॅकेजमध्ये 'रात्रीचं जेवण समाविष्ट' लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा साध्या रेस्टॉरंटचं, किंवा माणशी ठरावीक रकमेपर्यंतचं. टेस्टिंग मेनू घेतला की वरचा फरक भरायचा. 'समाविष्ट जेवण कोणत्या रेस्टॉरंटमध्ये, कोणता मेनू, वरची रक्कम किती' हे तीन प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या.

तिसरं, खोली मुख्य इमारतीत आहे की मागच्या तबेल्यांच्या किंवा गोदामांच्या जागी बांधलेल्या भागात? मागच्या खोल्या मोठ्या आणि शांत असतात, पण जेवून पावसात चालत जावं लागतं. मुख्य घरातल्या खोल्यांना जुन्या लाकडी जमिनी असतात, वरच्या मजल्यावरची पावलं ऐकू येतात. स्वयंपाकघराच्या धुराड्यावरची किंवा माल उतरवण्याच्या अंगणाकडची खोली टाळा. पंखे रात्री उशिरापर्यंत घोंघावतात आणि भाजी-दुधाच्या गाड्या पहाटे येतात. लिफ्ट नसणं अगदी सामान्य आहे, गुडघे दुखत असतील तर आधीच सांगा.

आणि त्या रात्री तिथे लग्न नाही ना, हे विचाराच.

खमंग

+१ लग्नाच्या प्रश्नाला. लग्न असलं की बाग, बैठकीची खोली, बार सगळं त्यांचं. पाहुण्याला उरतात ते कॉरिडॉर आणि डीजे.

निवांत

रानवाटा, तुमच्या बेताशी मी सहमत नाही. 'काही सुटायला नको' या हिशेबाने चाललात तर मुख्य गोष्टच हातची जाईल. मुख्य गोष्ट म्हणजे जेवण, आणि त्याला रिकामं पोट, ताजी जीभ आणि तीन-साडेतीन तास बसायची उमेद लागते.

गणित बघा. आठ कोर्स म्हणजे प्रत्यक्षात आठ नसतात. आधी बैठकीच्या खोलीत दोन-तीन एकघासी पदार्थ, मग टेबलावर शेफकडून येणारा छोटा पदार्थ, ब्रेड-लोणी, आठ कोर्स, गोडाआधी तोंड स्वच्छ करणारं आंबटसर सॉर्बे (फळांच्या रसाचा बर्फ), शेवटी कॉफीबरोबर चॉकलेट-मिठाया. एकूण तोंडात जाणाऱ्या गोष्टी चौदा-पंधरा. दोन कोर्समध्ये पंधरा ते वीस मिनिटं.

दुपारचा तिथला चहा हे स्वतंत्र जेवणच असतं. सँडविच, केक, साय, जॅम. चारला तो घेतला की साडेसातला भूक लागत नाही. त्यामुळे चहा सोडाच, किंवा दोन रात्री राहून दुसऱ्या दिवशी घ्या. दुपारी एकपर्यंत हलकं जेवण आणि पाचच्या सुमाराला एखादं फळ, एवढंच पुरतं. पोट पूर्ण रिकामं ठेवू नका, नाहीतर पहिल्या ब्रेडवरच हल्ला होतो आणि पाचव्या कोर्सला हात टेकावे लागतात.

मुक्कामपोस्ट

निवांत म्हणतात ते बरोबर, फक्त 'दोन रात्री राहा' हा सल्ला सरसकट नको. दुसऱ्या रात्री पुन्हा त्याच रेस्टॉरंटात जेवायचं तर मेनू तोच असतो, आणि बाहेर जेवायचं तर आसपास काही उघडं असेलच असं नाही. रात्री टॅक्सी मिळणंही कठीण. दोन रात्री राहायचं तर पहिल्या रात्री साधं रेस्टॉरंट, दुसऱ्या रात्री टेस्टिंग मेनू. प्रवासाचा शीण उतरलेला असतो.

पाकसिद्धी

शाकाहाराबद्दल लिहिते, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

'मी शाकाहारी आहे' एवढं कळवणं पुरेसं नाही. नुसतं मांस-मासे बाजूला काढून चालत नाही, आतल्या गोष्टी निघायला हव्यात. अशा स्वयंपाकघरात चव उभी राहते ती स्टॉकवर. हाडं भाजून, भाज्या घालून सहा-आठ तास किंवा रात्रभर उकळलेलं पाणी, ते गाळून आटवून केलेला दाट रस. भाज्यांच्या पदार्थालाही चकाकी आणायला हाच रस वापरतात. मग जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यातून काढलेला गोठवणारा पदार्थ. मूस, पॅनाकोटा, मार्शमेलो, जेलीचे चौकोनी तुकडे यांत ते असतंच असं समजा. पारदर्शक सूप गाळायलाही वापरतात: सुपात जिलेटिन विरघळवून गोठवायचं आणि फ्रिजमध्ये कापडावर हळूहळू वितळू द्यायचं, गाळ अडकतो आणि खाली थेंब थेंब काचेसारखं सूप उतरतं. डोळ्यांना त्यात काहीच दिसत नाही.

चीजचं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायला घालतात ते, ही तिसरी गोष्ट. पार्मिजानो रेज्जानो नियमानेच वासराच्या जठरातल्या रेनेटने बनतं. ग्रुयेर आणि कोंतेलाही प्राणिज रेनेटच लागतं. तुम्हाला हे चालत नसेल तर स्पष्ट लिहा, कारण तिथल्या बहुतेकांच्या शाकाहाराच्या यादीत चीज धरलेलं असतं. शिवाय वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात. पेस्ट्रीला लोण्याऐवजी डुकराची चरबी असू शकते. तळणीचं तेल मासे तळलेलंच असू शकतं.

कळवायचं किमान ७२ तास आधी. कारण असं: सॉसचा पाया दोन दिवस आधी लागतो, जेलीचे आणि मूसचे पदार्थ आदल्या दिवशी साच्यात जातात, भाजीवाल्याला ऑर्डर त्याहून आधी जाते. जेवायला बसल्यावर सांगितलं तर शेफ काय करणार? ताटातला मुख्य घटक काढणार आणि त्या जागी आणखी एक गाजर ठेवणार. आधी सांगितलं तर तुमच्यासाठी वेगळा, पूर्ण विचार केलेला मेनू होतो. चांगल्या ठिकाणी शाकाहारी टेस्टिंग मेनू वेगळा छापलेलाच असतो, हॉटेल निवडताना तोच निकष लावा.

तळटीप

पाकसिद्धीताईंच्या मुद्द्याला एक दाखला. फ्रान्सच्या ओब्राक पठारावर लाग्योल गावाजवळ शेफ मिशेल ब्रा यांनी उभारलेलं रेस्टॉरंट आहे, राहायच्या खोल्यांसकट. त्यांचा 'गारगुयू' हा पदार्थ जगभर गाजला: कोवळ्या भाज्या, पानं, फुलं, बिया, प्रत्येक भाजी वेगळी शिजवलेली आणि शेवटी एकत्र मांडलेली. भाज्यांना ताटाच्या मध्यभागी आणणारा पदार्थ म्हणून त्याचं नाव घेतात. आणि तरी मूळ कृतीत हॅम आहे! तेव्हा भाज्यांचा पदार्थ म्हणजे शाकाहारी पदार्थ, हे गृहीत धरू नये.

त्याच ब्रांनी १९८१ मध्ये मधून वाहणारा चॉकलेट केक आणला. चॉकलेटचा गर गोठवून पिठात बसवायचा आणि मग भाजायचा. बाहेरचं पीठ शिजेपर्यंत आतला बर्फासारखा गोळा नुकता वितळलेला असतो. नंतर जगभर याच्या सोप्या नकला झाल्या, त्यांत नुसताच केक कमी भाजतात.

खमंग

तळटीप, तुम्ही केकवर गेलात आणि माझा डाएट गेला.

रानवाटा

पाकसिद्धीताई, खूप उपयोगी. रेनेट चालत नाही, हे लिहायला हवं हे डोक्यातच नव्हतं. 'ॲलर्जी आहे' असं लिहिलं तर जास्त गांभीर्याने घेतील का?

पाकसिद्धी

नाही, तसं अजिबात लिहू नका. ॲलर्जी म्हटलं की स्वयंपाकघरात वेगळी यंत्रणा लागते: चिरायची वेगळी फळी, सुरी, भांडं, तळणीचं तेल वेगळं, ताट शेवटपर्यंत एकाच माणसाच्या हाती, आणि टेबलावर येताना पुन्हा पडताळणी. तीस-चाळीस पाहुण्यांच्या रात्री दोन माणसं त्यात अडकतात. शिवाय सावधगिरी म्हणून तुमच्या ताटातून असे पदार्थही काढले जातील जे तुम्हाला चाललेच असते. तीन शब्द वेगळे ठेवा: ॲलर्जी, खात नाही, आवडत नाही. 'खात नाही' यालाही चांगलं स्वयंपाकघर पूर्ण मान देतं.

नवऱ्याबद्दल एक. दारू पीत नाहीत एवढंच, की पदार्थातही नको? वाइन घालून शिजवलं की दारू पूर्ण उडून जाते हा गैरसमज आहे. अमेरिकी कृषिखात्याच्या तक्त्यानुसार पंधरा मिनिटं उकळल्यावर सुमारे ४० टक्के उरते, एक तासाने २५ टक्के, अडीच तासांनी ५ टक्के. पेटवून आणलेल्या पदार्थात तर ७५ टक्के. गोड पदार्थांवर शिंपडलेली रम किंवा लिक्योर शिजतच नाही. पदार्थातही नको असेल तर तेही त्याच पत्रात.

द्राक्षवेल

पेयांवर माझं मत: टेस्टिंग मेनूबरोबर पेअरिंग घ्यावं. प्रत्येक कोर्सला वेगळी वाइन, सोमेलिएने (रेस्टॉरंटच्या वाइन-जाणकाराने) मेनूवर विचार करून निवडलेली. एक बाटली घेतली तर ती माशाबरोबर छान आणि मांसाबरोबर फिकी, असं होतंच. आणि दारू नको असणाऱ्यांसाठीही आता पेअरिंग असतं, ते नुसत्या गोड सरबतांचं नसावं एवढं बघा. चांगल्या बिनदारूच्या पेअरिंगमध्ये वाइनचीच कामं दुसऱ्या मार्गाने केलेली असतात. आंबटपणा कच्च्या द्राक्षांच्या रसातून, तुरटपणा गार पाण्यात रात्रभर भिजवलेल्या चहातून, चवीचा भरीवपणा भाजलेल्या बिटाच्या किंवा मशरूमच्या अर्कातून. 'किती गोड आहे' असा थेट प्रश्न विचारा. आठ ग्लास फळांचा रस पोटात गेला तर जेवण संपणार नाही. कोम्बुचा म्हणजे आंबवलेला चहा, त्यात किंचित अल्कोहोल तयार होतं, अजिबात नको असेल तर तो वगळायला सांगा.

साधंसरळ

द्राक्षवेल यांच्याशी असहमत. पेअरिंगचं गणित मांडू. सात ग्लास, प्रत्येकी ७५ मिली, म्हणजे ५२५ मिली. पूर्ण बाटली ७५० मिलीची. म्हणजे एका माणसाच्या पोटात दोन तृतीयांशापेक्षा जास्त बाटली, वर आधीची शॅम्पेन. सहाव्या कोर्सला जीभ बधिर झालेली असते, आणि तेव्हाच मुख्य पदार्थ येतो. दोघांत एक चांगली बाटली घेतली तर माणशी ३७५ मिली, डोकं ताळ्यावर, आणि तीन तासांत तीच वाइन हवा लागून कशी बदलत जाते हेही कळतं.

द्राक्षवेल

हिशेब मान्य, निष्कर्ष अमान्य. प्रत्येक ग्लास संपवायचा असा नियम नाही. अर्धं पेअरिंग मागता येतं, किंवा दोघांत एक पेअरिंग वाटून घेता येतं, बहुतेक ठिकाणी हसत देतात. बाटलीच घ्यायची तर बजेट सोमेलिएला कसं सांगायचं हे लिहितो: यादीतल्या तुमच्या आवाक्यातल्या वाइनच्या किमतीवर बोट ठेवा आणि म्हणा, 'या धर्तीचं काही.' त्याला कळतं, आणि टेबलावरच्या दुसऱ्याला आकडा ऐकू जात नाही.

बाटली उघडून थोडीशी ग्लासात ओततात ती आवडली का हे विचारायला नव्हे. खराब नाही ना, एवढंच बघायचं. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा बंद तळघराचा वास आला तर बुचाचा दोष. बिनधास्त सांगा, बदलून देतात. तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तर घाबरू नका, ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक, निरुपद्रवी. रेड वाइन कोमट लागली तर दहा मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवायला सांगा. १६ ते १८ अंश हे तिचं तापमान, शेकोटी पेटलेल्या खोलीत ती सहज २२-२३ वर जाते.

साधंसरळ

दोघांत एक पेअरिंग वाटून, हे मला पटलं. पण रानवाटांच्या घरी प्यायला एकच माणूस आहे, त्यांना ग्लासवारी दोन-तीन वाइनच पुरतील.

रानवाटा

खरंय. मी दोन ग्लासांपुढे जाणार नाही.

तळटीप

थोडं अवांतर, पण इतक्या आडगावात इतकं भारी जेवण का मिळतं, त्याचं उत्तर रस्त्यात आहे. मिशलँ ही टायर बनवणारी कंपनी. १९०० मध्ये त्यांनी गाडीवाल्यांसाठी फुकट मार्गदर्शिका काढली. पेट्रोल कुठे, दुरुस्ती कुठे, जेवण-मुक्काम कुठे. लोक लांब जातील तर टायर झिजतील! १९२६ मध्ये चांगल्या रेस्टॉरंट्सना तारे द्यायला सुरुवात झाली, १९३१ मध्ये एक-दोन-तीन अशी उतरंड, आणि १९३६ मध्ये त्यांचे अर्थ छापले गेले. दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जावं असं, तीन म्हणजे मुद्दाम प्रवास करून जावं असं. व्याख्येतच प्रवास आहे. १९५४ मध्ये पॅरिस ते नीस रस्त्यावरच्या आठ हॉटेलांनी एकत्र येऊन जी साखळी बांधली तिची पुढे 'रले ए शातो' ही आलिशान हॉटेल-रेस्टॉरंटांची संघटना झाली. इंग्लंडमध्ये शेफ रेमंड ब्लाँ यांनी १९८४ मध्ये ऑक्सफर्डशरच्या ग्रेट मिल्टन गावात सुरू केलेलं 'ल मान्वार' हे हॉटेल याच परंपरेतलं, भाजीच्या बागेसकट. इंग्लंडमधल्याच कंब्रियातल्या कार्टमेल गावात शेफ सायमन रोगन यांचं 'लाँक्लूम' रेस्टॉरंट २००२ पासून आहे, २०२२ मध्ये त्याला तिसरा तारा मिळाला. तिथल्या राहायच्या खोल्या गावातल्या वेगवेगळ्या घरांत विखुरलेल्या आहेत.

निवडीसाठी महत्त्वाचं: तारे फक्त ताटातल्या अन्नाला मिळतात. खोली, गादी, बाग, सेवा यांचा त्यांच्याशी संबंध नाही. मुक्कामासाठी त्यांनी २०२४ पासून वेगळ्या 'किल्ल्या' द्यायला सुरुवात केली, एक ते तीन. तारेवाल्या रेस्टॉरंटवरच्या खोल्या अगदी साध्या असू शकतात आणि तीन किल्ल्यांच्या हॉटेलातलं जेवण बेताचं असू शकतं.

कोपऱ्यातलं_टेबल

टेबलावरच्या व्यवहाराबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

काट्या-चमच्यांची भीती सोडा. बहुतेक ठिकाणी आता प्रत्येक कोर्सची हत्यारं त्या कोर्सआधी मांडतात. सगळी एकदम मांडलेली असतील तर बाहेरून आत. चपटा, एका कडेला खाच असलेला चमचा दिसला तर तो सॉस निपटायला आहे, लाजू नका. ब्रेड सुरीने कापायचा नाही, हाताने एका घासाएवढा तोडायचा. लोणी आधी आपल्या छोट्या बशीत, मग तुकड्यावर. आणि ब्रेड संपला की ते पुन्हा आणतात, कितीही वेळा. इथेच संयम. अर्धा तुकडा आत्ता, उरलेला पुढच्या सॉससाठी.

सगळ्यात महत्त्वाचं आणि कमी माहीत असलेलं: उठायची वेळ. एका टेबलाची सगळी ताटं एकदमच बाहेर येतात. तुमचा कोर्स लावायला घ्या असा पुकारा झाला की मासा तव्यावर पडतो, सॉस गरम होतो, तीन माणसं तीन बाजूंनी मांडायला लागतात. नेमकं तेव्हा एक जण हात धुवायला गेला की ताटं गरम दिव्याखाली थांबतात, सॉसवर साय धरते, पानं कोमेजतात. चांगली जागा असेल तर ते सगळं टाकून पुन्हा करतात. मग उशीर तुमच्याच टेबलाला. म्हणून ताटं उचलली गेली की लगेच उठा, आणि वाढणाऱ्याला सांगून जा. परत याल तेव्हा रुमाल घडी करून ठेवलेला असेल.

फोटो काढा, पण फ्लॅश नको आणि दहा सेकंदांत. गरम ताटावर ठेवलेला आइस्क्रीमचा लंबगोळ अर्ध्या मिनिटात पायथ्याशी वितळायला लागतो. जो फरक दाखवायला तो पदार्थ केला तोच निघून जातो. थरांचा पदार्थ असेल तर चमचा सरळ खाली तळापर्यंत न्या. वरवरून खाल्लं तर वरचा फेसच खाल्ला.

खमंग

आणि पदार्थाची माहिती सांगायला आलेल्याचं बोलणं पूर्ण होऊ द्यावं ना? की थांबवलं तर चालतं?

कोपऱ्यातलं_टेबल

चालतं. 'आम्हाला थोडक्यात सांगा' हे सुरुवातीलाच म्हटलं की पुढे दोन वाक्यांत आटोपतात. मात्र सॉस टेबलावर ओतणार असतील तर ते झाल्याशिवाय चमचा घालू नका.

हिशेबी

बिलाचं बघून ठेवा. खोली देताना कार्डावर ठरावीक रक्कम अडकवून ठेवतात, ती खर्च झालेली नसते, पण सुटायला काही दिवस लागतात. डेबिट कार्ड दिलं तर तेवढे पैसे हाताशी राहत नाहीत, म्हणून क्रेडिट कार्ड द्या. बाटलीचं पाणी, बैठकीच्या खोलीतलं पहिलं पेय, चीजची गाडी (टेबलाशी ढकलत आणतात ती, तीतून चीज निवडायचं) आणि कॉफी हे टेस्टिंग मेनूच्या किमतीत धरलेलं नसण्याची शक्यता मोठी. साधं नळाचं पाणी मागायला काही हरकत नाही. सेवाशुल्क जेवणाच्या बिलात लागलेलं असेल तर तेच पुन्हा खोलीच्या एकूण बिलावर लागलं नाही ना, हे ओळीने तपासा. जेवण खोलीच्या खात्यावर टाकलं की ही गफलत होते. सही करताना जेवणाच्या बिलाची प्रत मागून घ्या, सकाळी ताडून बघा.

रद्द करण्याचे नियम दोन वेगळे असतात, टेबलाचे वेगळे आणि खोलीचे वेगळे. खोली वेळेत रद्द केली म्हणजे टेबल आपोआप रद्द झालं असं समजू नका. न आल्यास माणशी पूर्ण मेनूचे पैसे कापणारी रेस्टॉरंट्स पुष्कळ आहेत.

पाकसिद्धी

हिशेबींनी चीजच्या गाडीचा उल्लेख केला म्हणून. रेनेट चालत नसलं तरी गाडी पूर्ण सोडू नका. काही बकरीची आणि नव्या धाटणीची चीज वनस्पतिज किंवा सूक्ष्मजीवांपासूनच्या रेनेटने बनतात, गाडीवाल्याला ती माहीत असतात. चार तुकडे, प्रत्येकी वीस-पंचवीस ग्रॅम, त्याहून जास्त नको. सौम्याकडून उग्राकडे, निळं सगळ्यात शेवटी. सूफ्ले (अंड्याच्या फेसाने फुगणारा, भट्टीत भाजलेला गोड पदार्थ) घेणार असाल तर तो मुख्य कोर्सच्या वेळीच सांगून ठेवा, भट्टीला वीसेक मिनिटं लागतात आणि तो थांबत नाही.

रानवाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. म्हणजे दुपारचा चहा रद्द. पण स्पा? तो तरी बसवता येईल ना? आणि ब्रेकफास्ट?

निवांत

स्पा जेवणाआधी, नंतर कधीच नाही. आता मूळ प्रश्नाकडे येऊ आणि वेळापत्रक उलटं आखू, टेबलापासून मागे.

टेबल सव्वासात. साडेआठचं घेऊ नका, मिठाया येईपर्यंत बारा वाजतात आणि जड पोटाने झोप लागत नाही. पावणेसातला खाली बैठकीच्या खोलीत, तिथे पहिले एकघासी पदार्थ. त्याआधी तयार व्हायला पाऊण तास, म्हणजे सहाला खोलीत. स्पाची वेळ साडेचार ते साडेपाच. ती खोलीबरोबरच आरक्षित करा, शनिवारी ऐन वेळी मिळत नाही. मसाजचं तेल सुगंधी नसेल असं बघा, आणि जेवायला जाताना अत्तरही नको. वास अडवला की अर्धी चव गेली. खोली तीनला मिळते, तेव्हा अडीचला पोचा, सामान स्वागतकक्षात ठेवा आणि उजेड आहे तोवर बाग बघून घ्या. भाजीची बाग असेल तर तीच आधी, रात्रीच्या ताटातलं काय वाफ्यात आहे ते दिसतं.

जेवण साडेदहा-पावणेअकराला आटोपेल. कॉफी टेबलावर न घेता बैठकीच्या खोलीत मागा, पाय मोकळे होतात. मिठाया पोटात मावत नसतील तर डब्यात बांधून देतात. बाहेर दहा मिनिटं चक्कर मारून मग झोप. ब्रेकफास्टची शेवटची वेळ विचारून तीच घ्या. भूक नसेल तर अंडं आणि फळं पुरेत, मोठा थाळा मागवायची सक्ती नाही. खोली अकराला सोडायची असेल तर बारापर्यंत मुदत आदल्या दिवशीच मागा. सकाळी मागितली तर पुढच्या पाहुण्यासाठी सफाईवाल्यांची यादी लागलेली असते.

मुक्कामपोस्ट

यात एकच भर. शेवटचे काही किलोमीटर अरुंद, दिवे नसलेले रस्ते असतात आणि फोनला रेंज नसते. नकाशा आधी उतरवून घ्या आणि दिवसाउजेडी पोचा. टॅक्सीने जाणार असाल तर परतीची टॅक्सी हॉटेलकडूनच आदल्या दिवशी ठरवा.

रानवाटा

हॉटेलला पाठवायचं पत्र असं केलं आहे. चालेल का?

'आम्ही दोघे अमुक तारखेला सव्वासातला टेस्टिंग मेनू घेणार आहोत. एक जण शाकाहारी आहे: मांस, मासे, कोंबडी नाही, दूध व अंडी चालतात. मांसाचा किंवा माशाचा स्टॉक, जिलेटिन व प्राणिज रेनेट असलेले पदार्थ शक्य असल्यास टाळावेत. ही ॲलर्जी नाही. दुसऱ्या व्यक्तीला पेयातही आणि पदार्थातही अल्कोहोल नको. बिनदारूचं पेअरिंग आहे का व ते किती गोड आहे, कळवावे. खोली स्वयंपाकघरापासून दूर मिळावी. त्या रात्री लग्नसमारंभ आहे का?'

पाकसिद्धी

छान झालंय. दोन बदल. 'शक्य असल्यास टाळावेत' काढा, 'खात नाही' लिहा. 'शक्य असल्यास' वाचून स्वयंपाकघर ते पसंतीच्या रकान्यात टाकतं. आणि तळणीचं तेल राहिलं, तेही घाला. पत्र स्वागतकक्षाला आणि रेस्टॉरंटला, दोन्हीकडे वेगवेगळं पाठवा. आदल्या दिवशी एकदा फोन करून शेफपर्यंत पोचलं का विचारा, आणि टेबलावर बसल्यावर पहिल्या ताटाआधी वाढणाऱ्याला पुन्हा सांगा.

द्राक्षवेल

तुमच्या दोन ग्लासांबद्दलही एक ओळ घाला. 'एका व्यक्तीला ग्लासवारी दोन वाइन हव्यात, कोणत्या कोर्सबरोबर घ्याव्यात ते सोमेलिएने सुचवावं.' शाकाहारी मेनू वेगळा असल्यामुळे त्याला आधी माहीत असलेलं बरं. आणि काही वाइन नितळ करायला आयसिंग्लास वापरतात, ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून करतात. चालत नसेल तर तेही त्याच ओळीत.